काळी दोन आणि उतरलेला धैवत

सूरसवाल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : माझे यजमान येत्या पौषात साठीचे होतील. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना त्यांच्याकडे ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या इंग्रजी सिनेमाची कॅसेट होती. त्यातलं बी जीज या तीन गिब बंधूंच्या बँडचं ‘हाऊ डीप इज युअर लव्ह’ ते आजही गाडी चालवताना गुणगुणतात. साठीच्या घरगुती समारंभात ते गाणं मी म्हणावं असं फार मनात आहे. मी शास्त्रीय गाणं शिकले आहे, पेटी वाजवते, पण इंग्रजी गाणं कधी म्हटलेलं नाही. त्या कॅसेटवरची बाकीची गाणी पाय थिरकवणारी, डिस्कोची. मग हेच इतकं हळवं का वाटतं? नुसतं संथ आहे म्हणून? आणि ते पेटीवर कसं बसवू? भाचा गिटारवर साथ करील.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ‘नुसतं संथ आहे म्हणून?’ असं तुम्ही विचारलंत, तिथूनच सुरुवात करतो. कारण ते गाणं संथ नाहीच. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं साधन) लावून पाहा, मिनिटाला १०५च्या आसपास ठोके पडतील. आता त्याच कॅसेटवरचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ लावा. ते १०३-१०४ला चालतं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते आणि ती गती हातात बसावी म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गांत ‘स्टेइंग अलाइव्ह’ वाजवतात. तुमच्या यजमानांचं हळवं गाणं त्याच चालीने, किंबहुना किंचित पुढेच चालतं. तरी एक ऐकताना माणूस उठून उभा राहतो आणि दुसरं ऐकताना बसल्या जागी स्वस्थ होतो. लय तीच असताना हे कसं घडतं, ते सुरांत दाखवता येतं. तुम्ही पेटीवाल्या आहात, तेव्हा मी सांगतो ते बोटांनी पडताळून पाहा.

मूळ ध्वनिमुद्रण काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीत आहे. काळी दोनला सा धरा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार स्वर. घरचा कॉर्ड, ज्यावर गाणं विसावतं तो, सा-ग-प. आता घरी परतायची वाट बघू. पाश्चात्त्य सुगम गाण्यात घरी येण्याआधी बहुधा प-नी-रे हा कॉर्ड येतो. त्यातला शुद्ध निषाद षड्जाला इतका खेटून असतो की त्याला वर गेल्याशिवाय करमत नाही. त्या ओढीवरच असंख्य गाणी उभी आहेत. या गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतात आणि पुढे घरी वळताना बी जीजनी खाली खर्जात प ठेवला आणि वर म-ध-सा ठेवले. निषाद वगळून टाकला. वाजवून बघा. घर जवळ आल्याचं कळतं, पण तिकडे कुणी ढकलत नाही. उलट सा त्या कॉर्डात आधीपासूनच येऊन बसलेला आहे. गाण्याचं नाव म्हणजे समोरच्या माणसाला विचारलेला एक प्रश्न आहे, तुझं प्रेम किती खोल आहे असा. उत्तरासाठी घाई न करता विचारलेला प्रश्न कसा ऐकू येईल, तसा तो कॉर्ड ऐकू येतो.

दुसरी जागा याहून मोलाची. ज्या ओळीत गाण्याचं नाव येतं, त्या मुखड्यात घरच्या कॉर्डानंतर म-ध-सा येतो, त्यावर ग. तुमच्या पेटीवर काळी चार, पांढरी एक, काळी दोन. भरलेला, ऊबदार आवाज. पुढच्याच क्षणी म जागेवर, सा जागेवर, आणि मधलं बोट पांढरी एकवरून शेजारच्या पांढरी सातवर येतं. शुद्ध धैवत कोमल झाला. वरचा गही रेवर उतरतो, पण मन हलतं ते धैवताने. तुम्ही पिलू गायला असाल, दोन्ही धैवतांची गंमत तुमच्या ओळखीची आहे. फरक एवढाच की आपल्याकडे हा बदल गळ्यातून येतो आणि इथे तो गळ्याच्या मागे, वाद्यांत घडतो. गाणाऱ्याचा सूर सरळ आहे, त्याच्या पाठीमागचा उजेड तेवढा बदलतो. मला विचाराल तर या गाण्याचं सगळं हळवेपण त्या एका बोटाच्या हालचालीत आहे. मुखड्याच्या शेवटी, घरी परतायच्या ऐन आधी, तोच कोमल धैवत पुन्हा येतो. दोन्ही जागा चुकवू नका.

मध्ये एक कोमल रिषभही डोकावतो. शब्द जेव्हा त्या दोघांना मोडू पाहणाऱ्या जगाकडे वळतात, तेव्हा ध-कोमल रे-ग-प असा कॉर्ड लागतो आणि लगेच रे-म-ध वर सुटतो. कोमल रे अर्ध्या पायरीने शुद्ध रेवर चढतो. जरासा काटा रुततो आणि निघतो.

आता गाण्याबद्दल. बॅरी गिब हा त्या काळात टिपेच्या, पातळ केलेल्या आवाजासाठी प्रसिद्ध झाला होता. १९७५च्या ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’मध्ये निर्माते आरिफ मार्डिन यांच्या सांगण्यावरून त्याने तो आवाज पहिल्यांदा काढला आणि पुढे तीच बी जीजची ओळख ठरली. या गाण्यात मात्र तो बराचसा खालच्या, श्वास मिसळलेल्या आवाजात गातो. माइकच्या अगदी जवळ, कानाशी बोलल्यासारखा. मुखड्यात रॉबिन आणि मॉरिस हे दोघे जुळे भाऊ त्याला येऊन मिळतात. एकाच घरातले तीन गळे असल्यामुळे स्वरांची टोकं अशी जुळतात की कोण कुठला ते सांगता येत नाही.

तुम्ही गाताना दोन गोष्टी जपा. एक म्हणजे हरकत, मुरकी, खटका काही घेऊ नका. तुमचा गळा तयार आहे, त्याला मोह होईल, विशेषतः मुखड्यातल्या लांब स्वरांवर. तिथे स्वर फक्त ठेवा, कारण त्या क्षणी मागे धैवत उतरत असतो आणि तुम्ही मुरकी घेतलीत तर तो कुणाला ऐकूच येणार नाही. दुसरं, आवाज खुला लावू नका. बैठकीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते आपल्याला. हे गाणं समोर बसलेल्या एका माणसासाठी आहे आणि तुमच्या बाबतीत तर तो खरोखरच समोर बसलेला असणार आहे.

पेटीवर डावा हात भात्याला लागतो, त्यामुळे खर्जातला प तुम्हाला वेगळा धरता येणार नाही. ते काम भाच्याला द्या. त्याने कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) तिसऱ्या घरावर लावावा आणि सी मेजरच्या आकारात वाजवावं, म्हणजे आवाज काळी दोनमध्येच निघेल. परतीच्या कॉर्डाला त्याच्यासाठी एफ आणि खाली जीचा खर्ज. धैवत उतरतो तिथे एफ मेजर सेव्हनवरून एफ मायनर सिक्स. कोमल रिषभाला ए सेव्हन आणि तिथून डी मायनर. त्याने पिक (तारा छेडायची चकती) न वापरता बोटांनी तारा छेडाव्या. तुम्ही उजव्या हाताने तीन-तीन स्वर धरा, कपलर बंद ठेवा आणि भाता हलका. मूळ गाण्यात जो घंटेसारखा गोल आवाज आहे, तो फेंडर रोड्स या इलेक्ट्रिक पियानोचा. त्यात हातोडी धातूच्या बारीक सळ्यांवर पडते आणि ते कंपन विजेच्या पिकअपने उचललं जातं. स्वर लागतो आणि हळूहळू विझतो. पेटीचा स्वर विझत नाही, भाता चालू आहे तोवर टिकून राहतो. म्हणून कॉर्ड धरून ठेवू नका, वाजवा आणि ओळ संपायच्या आधी बोटं उचला. मध्ये मोकळी जागा राहू द्या.

काळी दोन तुमच्या गळ्याला नाही झेपली, तर स्केल-चेंजर पेटी असल्यास पट्टी सरकवा. नसेल तर सगळं नव्याने बसवा, पण गळ्याला ताण देऊन मूळ पट्टीचा हट्ट धरू नका. तबला घेऊ नका. मेट्रोनोमवर सराव करा आणि कार्यक्रमात तोही बंद ठेवा.

आणि ताई, शब्द पाठ करण्याआधी एकदा अर्थ मराठीत लिहून काढा, ओळीखाली ओळ. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतो. अर्थ कळला की श्वास कुठे घ्यायचा ते सांगावं लागत नाही.

प्रश्न : हे गाणं सिनेमासाठी लिहिलं होतं असं मला माहीत होतं. माझा मित्र म्हणतो की ते दुसऱ्याच एका गायिकेसाठी होतं आणि ते रचलं गेलं फ्रान्समधल्या कुठल्याशा वाड्यात. खरं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या मित्राचं बरोबर आहे आणि तुमचंही.

१९७७च्या सुरुवातीला बी जीज पॅरिसच्या बाहेर, एरूव्हिल गावातल्या शातो द’एरूव्हिल नावाच्या जुन्या गढीत मुक्कामाला होते. त्या गढीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. एल्टन जॉनने तिथे आल्बम केले होते, डेव्हिड बोवीनेही. तिथे असताना त्यांचे व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवूड यांचा निरोप आला की एका सिनेमासाठी गाणी हवीत. सिनेमा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या, रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या आणि शनिवारी रात्री नाचणाऱ्या एका पोराचा. ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकात १९७६ साली आलेल्या निक कोन यांच्या लेखावर तो बेतलेला होता. भावांनी पटकथा वाचलेली नव्हती. सिनेमा काय आहे हे नीटसं न कळताच त्यांनी थोड्या दिवसांत ती गाणी रचली.

या गाण्याचा जन्म कसा झाला ते त्यांचे कीबोर्डवादक ब्लू वीव्हर यांनी सांगितलंय, आणि मी स्वतः कीबोर्डवाला असल्यामुळे मला ही हकीकत अतिशय प्रिय आहे. एका सकाळी स्टुडिओत वीव्हर आणि बॅरी दोघेच होते. बॅरी म्हणाला, तुला माहीत असलेला सगळ्यात सुंदर कॉर्ड वाजव. वीव्हर एकामागून एक कॉर्ड वाजवत गेले, बॅरी हा नको, तो नको म्हणत गेला, मध्येच एखादा आवडला की तिथून पुढे चाल सुचत गेली. गाण्यावर नाव तिघा भावांचं आहे, बॅरी, रॉबिन आणि मॉरिस. रीतीप्रमाणे ते बरोबरही असेल. पण मी जेव्हा हे गाणं शिकवतो तेव्हा वीव्हरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. वरच्या उत्तरात ज्या दोन कॉर्डांबद्दल लिहिलं, तसे कॉर्ड बोटांखाली असलेला माणूस त्या सकाळी त्या खोलीत होता, म्हणून गाणं असं झालं. साथीदारांची नावं कव्हरवर बारीक अक्षरात येतात, किंवा येतच नाहीत. आपल्या हिंदी-मराठी गाण्यांचे संगीत संयोजक आठवा.

ती गायिका म्हणजे इव्हॉन एलिमन. मूळची हवाईची, ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये मेरी मॅग्डलीनची भूमिका गाऊन नावाजलेली. गाणं तिला द्यायचं ठरलं होतं. स्टिगवूड यांनी ते ऐकलं आणि भावांना सांगितलं की हे तुम्हीच गा. एलिमनच्या वाट्याला ‘इफ आय कान्ट हॅव यू’ आलं. तिचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही, कारण १९७८च्या मे महिन्यात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

‘हाऊ डीप इज युअर लव्ह’ची तबकडी सिनेमाच्या आधीच, १९७७च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली. सिनेमा लागला डिसेंबरात. म्हणजे लोकांनी गाणं आधी रेडिओवर ऐकलं आणि मग त्याच्या मागोमाग थिएटरात गेले. २४ डिसेंबर १९७७ला ते बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तीन आठवडे तिथे राहिलं, आणि पहिल्या दहात सलग १७ आठवडे टिकलं. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याला ग्रॅमीही मिळालं. पुढे सिनेमाच्या गाण्यांचा जोडआल्बम १९७८च्या जानेवारीपासून २४ आठवडे सलग अव्वल राहिला.

सिनेमा पाहिला नसेल तर शेवटासाठी पाहा. पोराचा एक मित्र पुलावरून पडून गेलेला असतो, आणि तो पोरगा रात्रभर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एकटा बसून फिरतो. तेव्हा हे गाणं लागतं. एवढ्या नाचाच्या सिनेमाने आपला शेवट या गाण्याच्या हवाली केला.

प्रश्न : कायद्याची विद्यार्थिनी आहे. स्वामित्वहक्काच्या तासाला याच गाण्यावरचा ‘सेली विरुद्ध गिब’ हा खटला आला. ज्युरीने चोरी मान्य केली आणि न्यायाधीशांनी निकाल फिरवला, हे वाचून गोंधळले. संगीतकार म्हणून तुम्हाला काय वाटतं? चाल उचलली होती का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कायद्याचा भाग तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो, मी सुरांपुरतं बोलतो. पण इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगायला हवी.

सेली हा शिकागोजवळ राहणारा, जुन्या वस्तूंचा व्यापार करणारा एक हौशी संगीतकार होता. त्याने १९७५ साली ‘लेट इट एंड’ नावाचं गाणं रचलं आणि त्याची रीतसर नोंदणी केली. आपल्या बँडबरोबर ते त्या भागात दोन-तीनदा वाजवलं आणि ११ कंपन्यांना त्याची टेप पाठवली. आठ ठिकाणांहून परत आली, तीन ठिकाणांहून उत्तरच नाही. १९७८मध्ये बी जीजचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि त्याला वाटलं, ही तर माझी चाल. १९८३ साली ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायाधीश जॉर्ज लेटन यांनी तो रद्द ठरवला आणि १९८४ला वरच्या न्यायालयाने लेटन यांचंच म्हणणं कायम केलं. बी जीजना ती टेप मिळाली किंवा त्यांनी ते गाणं कुठे ऐकलं, याचा पुरावाच नव्हता.

त्याच्या बाजूच्या तज्ज्ञाने मोजदाद केली होती. पहिल्या आठ मात्राखंडांत एका गाण्याचे ३४ स्वर, दुसऱ्याचे ४०, त्यांपैकी २४ एकाच जागी जुळतात. ऐकायला भरभक्कम वाटतं, नाही का? मी तुम्हाला विनंती करतो की भूपातल्या कोणत्याही दोन बंदिशी घ्या आणि पहिल्या आवर्तनाचे स्वर असेच मोजा. पुष्कळ जुळतील. सुगम चालीचे रस्ते थोडे असतात. चालीची ओळख कागदावर जुळणाऱ्या टिंबांत नसते, कुठला स्वर कुठल्या कॉर्डावर बसला यात असते. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: चोरी झाली असं मला वाटत नाही. गढीतल्या त्या बैठकीची टेप भावांनी न्यायालयात सादर केली होती. गाणं तुकड्यातुकड्याने जुळत जाताना त्यात ऐकू येत होतं. ज्याने चाल आयती उचलली, त्याला असं चाचपडावं लागत नाही.

मात्र त्या हौशी संगीतकाराला खोटारडा ठरवू नका. त्याने प्रामाणिकपणे आपलं गाणं ऐकलं. जो चाली रचतो त्याला हे कधी ना कधी होतंच, आणि ते फार बोचतं.

प्रश्न : सर, मी २४ वर्षांचा आहे, रॉक वाजवतो. आमच्या ग्रुपमध्ये डिस्को म्हणजे पोकळ, यंत्रातून काढलेलं संगीत असं मानतात. बी जीजचं नाव काढलं की हसतात. मला हे गाणं आवडतं पण सांगायची चोरी. यात खरंच दम आहे ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. आणि सांगायची चोरी ठेवू नका.

तुमचे मित्र जे म्हणतात ते १९७९लाही लोक म्हणत होते, आणि नुसतं म्हणत नव्हते. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को मुळात काळ्या, लॅटिन अमेरिकन आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून वर आलेलं संगीत. त्या रात्रीच्या रागात त्या माणसांबद्दलचा रागही मिसळलेला होता, हे पुष्कळांनी लिहिलंय आणि मला ते पटतं. बी जीज त्या लाटेचे सगळ्यात ठळक चेहरे. त्यामुळे पुढची काही वर्षं अमेरिकन रेडिओने त्यांच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली.

मग भावांनी काय केलं पाहा. दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली. १९८०ला बार्बरा स्ट्रायसँडचा ‘गिल्टी’, १९८२ला डिऑन वॉरविकचं ‘हार्टब्रेकर’, १९८३ला केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनचं ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’. ज्या लोकांना बी जीज ऐकायचे नव्हते, ते ही गाणी आवडीने ऐकत होते. म्हणजे रचना लोकांना हवी होती, फक्त चेहरा नको होता.

यंत्राचंही सांगतो. ‘स्टेइंग अलाइव्ह’चा ठेका खरंच टेपच्या फिरत्या वेटोळ्यावर आहे, पण त्यामागे माणसाचं दुःख आहे. ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरातल्या निधनामुळे गढी सोडून जावं लागलं. नवा ड्रमर मिळेना, म्हणून ‘नाइट फीव्हर’साठी त्यांनीच वाजवलेल्या तालाचा तुकडा कापून, टेपची टोकं जोडून, तो फिरवत ठेवला. हात ब्रायन यांचाच.

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गणपतीत मंडपांमध्ये हिंदी गाणी आणि हिवाळ्यात वसईच्या ख्रिस्ती लग्नांत इंग्रजी. कॉर्ड मला शिकवले ते आमच्या गोव्याच्या गिटारवादकाने, रात्री परतीच्या शेवटच्या लोकलमध्ये, गिटारला पिशवीतून बाहेरही न काढता, नुसत्या बोटांच्या खुणांनी. त्याने सगळ्यात आधी मला समजावलेला कॉर्ड हाच, म-ध-सामधला ध उतरवायचा. लग्नात नवरा-नवरी नाचायला उभे राहिले की आम्ही हे गाणं घ्यायचो. नाचाच्या गाण्यांना जे पाहुणे जागेवर बसून राहायचे, त्यांतली वयस्क जोडपी या गाण्याला उठायची. मी ते स्टेजवरून बघायचो, आणि धैवत उतरताना हात आपोआप हलका पडायचा. रॉक वाजवा, जरूर वाजवा, मीही ऐकतो. पण तुमच्या मित्रांना गिटारवर हा मुखडा मूळ कॉर्डांसकट वाजवून दाखवायला सांगा. सोपा नाही तो.

प्रश्न : या गाण्यासारखी, त्याच काळातली आणखी कोमल गाणी सुचवाल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : बी जीजचंच ‘टू मच हेवन’, १९७८. या वेळी बॅरीने टिपेचा आवाजच लावलाय आणि सुरांचे थरावर थर आहेत. त्याच्या उत्पन्नाचा हक्क भावांनी युनिसेफला देऊन टाकला आणि १९७९च्या जानेवारीत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात ते गायलं.

कमोडोर्सचं ‘थ्री टाइम्स अ लेडी’, तेही १९७८चं. नाचाच्या फंक गाण्यांसाठी गाजलेल्या बँडने एकदम तीन-तीनच्या चालीत, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारं गाणं केलं. लायनेल रिची यांच्या वडिलांनी लग्नाच्या वाढदिवशी त्यांच्या आईबद्दल चार शब्द काढले, त्यावरून ते सुचलं. सांगलीच्या ताईंनीही हे ऐकावं.

डॉना समरचं ‘लास्ट डान्स’ हळू सुरू होतं आणि मग धावतं. मला त्याचा पहिला, हळू भागच जास्त आवडतो. त्याला ऑस्कर मिळालं.

प्रश्न : बाजारातल्या कराओके ट्रॅकवर सराव केला की मूळ गाण्याशी सूर जुळत नाही. माझा कान खराब आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कान चांगला आहे, म्हणूनच तुम्हाला कळलं. पुष्कळ ट्रॅक गायकांच्या सोयीसाठी पट्टी बदलून केलेले असतात. ट्रॅक सुरू करून पेटीवर किंवा मोबाइलच्या ट्यूनरवर घरचा सूर तपासा. काळी दोन आली तर मूळ पट्टी. पांढरी दोन किंवा काळी एक आली तर ट्रॅक उतरवलेला आहे. उतरवलेला ट्रॅक गळ्याला बरा वाटत असेल तर खुशाल वापरा. एकच पाहा, मुखड्यात कोमल धैवताची जागा आली की तो ट्रॅकमध्ये नीट वाजतो का. स्वस्त ट्रॅकमध्ये तिथे सरळ मेजर कॉर्ड धरून ठेवलेला असतो. तसा असेल तर दुसरा ट्रॅक शोधा.